फ्रेंच फ्राइज: कोल्ड स्टोरेजच्या आलूशी कसं वागायचं

घरचे फ्रेंच फ्राइज बाहेरून काळपट, आतून ओलसर आणि ताटात येईस्तोवर लुळे पडत असतील, तर बहुतेकजण तेलाला किंवा आचेला दोष देतात. खरा दोष आलूत असतो. नागपुरात तर जास्तच, कारण कळमन्याच्या बाजारात उतरणारा बराचसा आलू उत्तर प्रदेशातून येतो आणि वर्षाचा मोठा काळ तो कोल्ड स्टोरेजमधून निघालेला असतो. उत्तरेतलं पीक जानेवारी ते मार्चमध्ये निघतं, मग नोव्हेंबरपर्यंत साठवणीवर भागवलं जातं. भाजीचा आलू २ ते ४ अंश सेल्सिअसला ठेवतात, म्हणजे त्याला कोंब फुटत नाहीत. पण एवढ्या थंडीत आलूतल्या स्टार्चची हळूहळू साखर होते. रस्साभाजीत ती कळतही नाही. तळताना मात्र हीच साखर आलूतल्या अमिनो आम्लांशी मिळून झपाट्याने रंग धरते. काप आतून सुकायच्या आधीच बाहेरून तपकिरी होतो, आपण घाबरून तो काढून घेतो, आणि पाच मिनिटांत लुळा.

फ्राइजच्या कारखान्यांसाठीचा आलू म्हणूनच वेगळा ठेवतात, १० ते १२ अंशांवर. वाणही वेगळे. सिमल्याच्या केंद्रीय आलू संशोधन संस्थेने चिप्ससाठी कुफरी चिप्सोना आणि खास फ्राइजसाठी कुफरी फ्रायसोना हे वाण काढले. किरकोळ बाजारात वाणाचं नाव कुणी सांगत नाही. बर्डीत किंवा गोकुळपेठेत भाजीवाल्याला ‘चिप्सचा आलू आहे का’ असं विचारलं तर कधी मिळतो, कधी नाही. गुजरातेतल्या डीसाचा किंवा इंदूरकडचा माल असेल तर तो आधी बघा.

वाण कळला नाही तरी आलूची परीक्षा घरी घेता येते. १ लिटर पाण्यात १२५ ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा आणि आलू धुऊन त्यात सोडा. बुडला तर त्यात घन भाग साधारण २० टक्के किंवा जास्त आहे, फ्राइजला चालेल. तरंगला तर तो पाणचट, त्याची भाजी करा. ही झाली घनतेची परीक्षा. साखरेची परीक्षा वेगळी: एका आलूचा मधला एक काप काढून, पुसून, १८० अंशांच्या तेलात ३ मिनिटं तळा. फिकट सोनेरी राहिला तर उत्तम. तपकिरी झाला तर गोड आलू. पाच किलो आलू आणण्याआधी दोन-चार आणून हे बघून घेतलं तर पुढची चिडचिड वाचते.

गोड आलूला उतारा आहे. १५ ते २० अंशांत, अंधारात, गोणपाटाखाली दोन-तीन आठवडे ठेवला की बरीचशी साखर उतरते. डिसेंबर-जानेवारीत नागपूरची थंडी हे काम फुकटात करते. मे महिन्यात पारा ४५ वर असताना हा उपाय विसरा, आलू सडेल. तेव्हा साखर पाण्यानेच काढावी लागते, ते पुढे येतंच. आलू फ्रिजमध्ये मात्र कधी ठेवू नका. ते घरचं कोल्ड स्टोरेजच झालं. कांद्याच्या टोपल्यातही नको. आणि हिरवी छटा आलेला आलू असेल तर तो भाग खोलवर कापून टाका, खूपच हिरवा असेल तर अख्खाच फेका. त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य असतं आणि ते तळून जात नाही.

चारजणांसाठी १ किलो आलू घ्या, लांबट, किमान १० सेंटिमीटरचे, डोळे कमी असलेले. सोलून आणि चौकोनी छाटून हातात साधारण ७५० ग्रॅम काप येतात. छाटण टाकू नका, उद्याच्या आलूबोंड्यात जातं. जाडी १ सेंटिमीटर ठेवा आणि सगळ्यांची सारखी. अर्धा सेंटिमीटर आणि दीड सेंटिमीटर एकाच घाण्यात गेले तर एक जळतो, एक कच्चा राहतो. सुरीने करायचं तर आधी आलूची एक बाजू सपाट कापून तो त्या बाजूवर टेकवा, मग १ सेंटिमीटरचे पाट काढा, दोन-दोन पाट एकावर एक ठेवून उभे कापा. गोल आलू फळीवर घरंगळतो आणि बोट कापतं ते हे टेकवणं टाळल्यामुळे.

कापता कापताच काप थंड पाण्यात सोडत जा, नाहीतर काळे पडतात. पाणी पांढरं होईल, तो वर सुटलेला स्टार्च आहे. पाणी नितळ येईपर्यंत तीन-चारदा बदला. हा स्टार्च राहिला तर काप एकमेकांना चिकटतात, तेलात गाळ बसतो आणि तो जळून पुढच्या घाण्यांना कडू करतो.

आता साखर. दोन भाग उकळतं पाणी आणि एक भाग नळाचं पाणी मिसळा. काप टाकल्यावर ते ७० अंशांच्या आसपास येतं. त्यात १० मिनिटं झाकून ठेवा आणि पाणी ओतून द्या. आलू फारच गोड असेल तर पुन्हा एकदा. साखर पाण्यात उतरते, आणि याच तापमानाला पेक्टिन, म्हणजे आलूच्या पेशी जोडून ठेवणारा चिकट पदार्थ, घट्ट होत असल्याने पुढे उकळताना काप फुटत नाहीत. जानेवारीतला ताजा आलू असेल तर ही पायरी सोडून दिली तरी चालते.

मग गंजात २ लिटर थंड पाणी, २ टेबलस्पून पांढरं व्हिनेगर आणि १ टेबलस्पून मीठ. त्यात काप टाकून गॅसवर ठेवा, उकळी आल्यावर मध्यम आचेवर ८ ते १० मिनिटं. आम्लात पेक्टिन सावकाश विरघळतं, त्यामुळे काप आतून शिजतो पण त्याचे कोपरे शाबूत राहतात. व्हिनेगर नसेल तर तेवढाच लिंबाचा रस. चव जाणवत नाही. काप झाऱ्याने उचलला तर वाकला पाहिजे, तुटला नाही पाहिजे. तुटायला लागले तर तेवढ्यावरच थांबा आणि त्यांची भाजी करा, तेलात ते पीठच होतील.

वाळवणं ही घाईत उरकायची गोष्ट नाही. काप सुती पंचावर एका थरात पसरा. मे महिन्यात पंख्याखाली ५ मिनिटं पुरतात. श्रावणात २० मिनिटं आणि वरून टिपणंही लागतं. एक चूक खास आपल्याकडची: उन्हाळ्यात काप कूलरसमोर ठेवणं. कूलरची हवा थंड असते, कोरडी नसते. त्या झोतात काप सुकत नाहीत, उलट तळलेले फ्राइजही लवकर लुळे पडतात. स्वयंपाकघराकडे कूलरचं तोंड असेल तर तेवढा वेळ तो बंद ठेवा, गॅसची ज्योतही सरळ राहील.

तेलाबद्दल थोडक्यात. रिफाइंड शेंगदाणा तेल सगळ्यांत बरं. रिफाइंड सोयाबीन, जे विदर्भात घरोघरी असतं, तेही चालतं, फक्त तिसऱ्या वेळेला त्याला वास यायला लागतो. सरकीचं रिफाइंड तेलही तळणाला चांगलं टिकतं. लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल चवीला झकास, पण १९० अंश गाठायच्या आतच धूर सोडतं. जवसाचं तेल तर तळणाला काढूच नका. ते चटणीवर घ्यायचं.

जाड बुडाच्या खोल कढईत १ लिटर तेल घ्या. कढई अर्ध्याच्या वर भरू नका, ओले काप पडले की फेस चढतो. तापमापी असेल तर प्रश्नच नाही. साधी सळईची, ३०० अंशांपर्यंत मोजणारी पुरते. नसेल तर एक काप सोडून बघा. १५० अंशांवर तो खाली जातो, कडेने संथ बुडबुडे येतात आणि मग सावकाश वर येतो. १८५ च्या पुढे तो पडताक्षणी जोरात खळबळ होते आणि लगेच वर येतो. धूर दिसला म्हणजे तेल हातातून गेलं, आच बंद करा. कढईत पेट घेतलाच तर गॅस बंद, वर झाकण, आणि पाण्याला हातसुद्धा लावायचा नाही.

पहिलं तळण १५० अंशांवर. एका घाण्याला १५० ग्रॅम, जास्तीत जास्त १७५. लोक इथेच अधीर होतात आणि अर्धा किलो एकदम ओततात. थंड काप पडले की तेल २०-३० अंशांनी उतरतं आणि काप तळायच्याऐवजी तेलात शिजत राहतात. ४ ते ५ मिनिटं, मधे एकदाच हलक्या हाताने हलवा. सुरुवातीला आवाज मोठा असतो, पाणी जात असतं. आवाज बसायला लागला आणि कापावर पातळ, कोरडी, किंचित ताठ साय आल्यासारखी दिसली की काढा. रंग यायला नको. फिकट पिवळसर, बस. काढून स्टीलच्या जाळीवर पसरा. ताटात कागदावर ढीग केला तर खालच्यांना वरच्यांची वाफ लागते. आता अर्धा तास गार होऊ द्या. आतलं पाणी सारखं पसरतं, वरचा स्टार्चचा थर घट्ट बसतो, आणि दुसऱ्या तळणात कुरकुरीत कवच तयार होतं ते याच थराचं.

अर्धा तास मोकळा आहे, तेवढ्यात नावाचा घोळ निस्तरू. बेल्जियमवाले सांगतात की मूझ नदीकाठचे लोक नदीतले बारके मासे तळून खायचे, १६८० च्या कडक हिवाळ्यात नदी गोठली म्हणून त्यांनी आलू माशांसारखा कापून तळला. गोष्ट गोड आहे, पण त्या भागात आलूच १७३५ च्या सुमाराला पोचला. शिवाय गरिबाच्या घरी तेव्हा कढईभर चरबी तळणात घालण्याइतकी परवडत नव्हती. खुद्द बेल्जियमचे इतिहासकार पिएर लक्लर्क यांचं मत असं की हा प्रकार पॅरिसच्या रस्त्यावरचा. फ्रान्समध्ये आलूला आधी कुणी विचारत नव्हतं. तो रोग आणतो असा समज होता, १७७२ मध्ये पॅरिसच्या वैद्यक विद्याशाखेने तो खाण्याजोगा ठरवला आणि औषधनिर्माते पार्मांतिए यांनी त्याचा जोरदार प्रचार केला. पॅरिसच्या पों-नफ पुलावरच्या फेरीवाल्यांच्या आठवणीने जाड कापांना आजही ‘पों-नफ’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांनी ‘फ्रेंच’ हे नाव दिलं, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. तीही टिकत नाही, कारण ‘फ्रेंच फ्राइड पोटॅटोज’ हे शब्द १८५६ च्या एका इंग्रजी पाकपुस्तकात छापलेले आहेत. बेल्जियमला श्रेय द्यायचंच तर चौकातल्या टपरीवर फ्राइज विकायच्या परंपरेचं आणि दोनदा तळण्याच्या शिस्तीचं द्यावं. तिथली परंपरागत चरबी मात्र गोवंशाची. ब्रसेल्सला जाणाऱ्या वैदर्भीयाने टपरीवर तेल कसलं ते आधी विचारलेलं बरं. बाकी आलू आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला. पुण्या-मुंबईने त्यांचा ‘बटाटा’ हा शब्द ठेवला, आपण आलूवर राहिलो, आणि जुन्या हॉटेलांच्या मेनूकार्डावर फ्राइज अजूनही ‘फिंगर चिप्स’ आहेत.

तेल आता १९० अंशांपर्यंत चढवा. पुन्हा दीडशे ग्रॅमचाच घाणा, अडीच ते तीन मिनिटं. इथे कान उघडे ठेवा. आवाज आधी जोरात, मग बारीक होत जातो, आणि झाऱ्यात काप हलवले की कोरड्या काड्यांसारखी खडखड ऐकू येते. ती ऐकू आली की काढा, रंग पक्का सोनेरी असेल. काढल्यावरची दहा सेकंदं सगळ्यांत महत्त्वाची. तेलात असताना आतली वाफ बाहेर जोर करते, म्हणून तेल आत शिरत नाही. बाहेर आल्यावर ती वाफ गार होऊन आकसते आणि कापाच्या अंगावरचं तेल आत ओढून घेते. म्हणून झारा कढईवरच दोन-तीनदा जोरात झटका. तेलकट फ्राइज बहुधा हा झटका न दिल्यामुळे होतात, आपण उगाच तेलाच्या ब्रँडला नावं ठेवतो.

मीठ लगेच, पण कढईवर नाही, रुंद परातीत. मीठ तेलात पडलं तर तेल लवकर खराब होतं. ७५० ग्रॅम कापांचे तळून साधारण निम्म्याहून थोडे जास्त वजनाचे फ्राइज होतात. त्यांना सपाट १ चमचा मीठ पुरतं. मीठ मिक्सरमध्ये फिरवून पिठासारखं करा. खडे असले की घरंगळून परातीत बसतात.

नागपुरी हाताला साधं मीठ पुरत नाही, हे मान्य. अर्धा चमचा भिवापुरी मिरचीचं तिखट, अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, पाव चमचा आमचूर मिठासोबतच मिक्सरमध्ये फिरवा आणि फ्राइज गरम असतानाच परातीत उधळा. सावजी मसाला वापरायचा मोह झाला तर तो कोरडा भुरभुरू नका. तो तेलात परतून, शिजवून खुलणारा मसाला आहे, कोरडा टाकला की कच्चट लागतो. १ चमचा तेल गरम करून आच बंद करा, त्यात पाऊण चमचा मसाला दहा सेकंद हलवा, आणि मग फ्राइजवर फिरवा. तर्रीसोबत खाणार असाल तर तर्री वेगळ्या वाटीत घ्या, बुडवा आणि लगेच तोंडात टाका. वरून ओतली तर चांगले फ्राइजही दोन मिनिटांत मऊ होतात. कॅनडातल्या क्यूबेकचं पूटिन, म्हणजे फ्राइजवर गरम ग्रेव्ही आणि ताज्या चीजचे तुकडे, हे मऊपण मान्य करूनच खातात. बेल्जियममध्ये सोबत मेयॉनीज, इंग्लंडमध्ये मीठ आणि व्हिनेगर, नेदरलंडमध्ये तर शेंगदाण्याचा सॉस, मेयॉनीज आणि कच्चा कांदा एकत्र. शेंगदाण्याची चटणी ताकात सैल करून बघा, त्याच वळणाची लागते.

वाढण्याचा एकच नियम: झाकू नका. डब्यात भरलेले फ्राइज स्वतःच्या वाफेत भिजतात. मुलांच्या डब्याला हा पदार्थ नाहीच, कितीही हट्ट केला तरी. कागदाचा कोन बरा, तोंड उघडं राहतं. उरलेले मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, रबर होतं. १९० अंशांच्या तेलात ४० सेकंद किंवा एअर फ्रायरमध्ये २०० अंशांवर ३ मिनिटं.

एअर फ्रायरमध्येच सुरुवातीपासून करायचे तर उकळण्यापर्यंतच्या पायऱ्या त्याच. वाळलेल्या कापांना किलोमागे २ टेबलस्पून तेल चोळा, टोपलीत एकच थर, १६० अंशांवर १० मिनिटं, मग २०० वर ८ ते १० मिनिटं, मधे दोनदा हलवून. चांगले होतात, पण तळलेल्याची सर नाही. कॉर्नफ्लोअर चोळायचा सल्लाही बऱ्याच ठिकाणी दिसतो. किलोला १ टेबलस्पून चालतो, त्याने कुरकुरीतपणा थोडा जास्त वेळ टिकतो. दोन-तीन चमचे झाले की आलूच्या फ्राइजऐवजी भजी लागतात.

जास्त करून ठेवायचे असतील तर पहिल्या तळणानंतर थांबा. पूर्ण गार झाल्यावर ताटात सुटे पसरून फ्रीझरमध्ये २-३ तास, कडक झाल्यावर पिशवीत, हवा काढून. उणे १८ अंशांना दोन महिने नीट राहतात. बर्फाचे कण आतल्या भिंती फोडतात, त्यामुळे पाणी सहज निघतं आणि आतला भाग आणखी मोकळा, पिठूळ होतो. ताज्यापेक्षा गोठवलेले कधी कधी सरस निघतात ते यामुळेच. बाजारातल्या पाकिटाचंही तेच तंत्र: तिथे काप वाफवून, अर्धे तळून गोठवलेले असतात. दोन्ही बाबतींत वितळवू नका. वितळले की पाणी सुटतं आणि तेल उसळतं. फ्रीझरमधून काढून बर्फ झटकून थेट १८० अंशांच्या तेलात, घाणा १०० ग्रॅमचाच.

उपवासाला करायचे तर आलू, शेंगदाणा तेल, सैंधव आणि व्हिनेगरऐवजी लिंबू. कॉर्नफ्लोअर नाही. पाकिटातले घेणार असाल तर मागची घटकांची यादी वाचा, काहींवर तांदळाच्या पिठाचा किंवा इतर स्टार्चचा लेप असतो.

राहता राहिलं कढईतलं तेल. गार झाल्यावर मलमलच्या फडक्यातून गाळा, काचेच्या बाटलीत, अंधारात ठेवा. उन्हाळ्यात फ्रिजमध्ये. नीट गाळलेलं तेल आणखी दोनदा तळणाला चालतं. त्याआधीच ते काळवंडलं, चिकट झालं, काप टाकल्यावर फेस बसेनासा झाला किंवा लवकर धूर सोडू लागलं, तर तिथेच थांबा. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेने १ जुलै २०१८ पासून तेलातल्या ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ची, म्हणजे तेल तापून बिघडताना तयार होणाऱ्या घटकांची, मर्यादा २५ टक्के केली आहे. घरी ते मोजता येत नाही, ही लक्षणंच बघायची. ताज्या तेलात खराब तेल मिसळून ‘वाढवू’ नका, ताजंही त्याच्यासोबत लवकर बिघडतं. आणि बेसिनमध्ये ओतू नका, पाइपात ते चिकटून बसतं. जुन्या बाटलीत भरून, बूच घट्ट लावून कचऱ्यात द्या.